माहेरची वाट आणि उपचारातील खंड
बाळंतपणासाठी माहेरी जाणे हा ओवीने गौरविलेला सुखाचा प्रसंग होय. एच.आय.व्ही.बाधित मातेच्या बाबतीत मात्र हाच प्रवास उपचाराचा धागा तोडणारा ठरू शकतो. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभारलेल्या पोलाद कारखान्यामुळे भिलाई हे अनेक प्रांतांतील कुटुंबांचे नगर झाले. तेथील मराठी सुनेचे माहेर विदर्भात, म्हणजे दुसऱ्या राज्याच्या आरोग्यव्यवस्थेत असू शकते.

भारतात २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस आजीवन औषधोपचार देण्याचे धोरण आहे. उपचाराविना बाळास संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचाराने ते ५ टक्क्यांखाली आणता येते. त्यासाठी आईची रोजची गोळी, बाळाचे प्रारंभीचे औषध, सहाव्या आठवड्यातील तपासणी व अठराव्या महिन्यातील निदान ही साखळी अखंड राहावी लागते.

ती केवळ अज्ञानाने तुटत नाही. माहेरी गोळीचे कारण सांगवत नाही. सासरी धडधाकट दिसणाऱ्या बाळाला रुग्णालयात पुन्हा का न्यावयाचे, असे विचारले जाते. औषध विनामूल्य असले तरी प्रवास व बुडालेली मजुरी विनामूल्य नसते. २०१७ च्या कायद्याने गोपनीयतेचा अधिकार दिला. परंतु एकत्र कुटुंबाच्या माजघरात तो क्वचितच पोहोचतो.

अशा मातेस ‘गळती’ म्हणताना दोष तिच्या माथी येतो. वस्तुतः ती निघण्यापूर्वीच माहेरच्या केंद्राशी तिची गाठ घालून देणे, हे व्यवस्थेचे कर्तव्य आहे.