खंडेनवमीची पूजा आणि उतरलेली बॅटरी

आश्विन शुद्ध नवमीस, खंडेनवमीच्या दिवशी, कोयता, विळा व नांगराचा फाळ यांच्या पंक्तीस आता ट्रॅक्टर आणि जीपगाडीही बसते. काही वर्षांपूर्वी सावळघाट ओलांडून आम्ही पेठ तालुक्यातील एका घरी या पूजेस गेलो होतो. जुन्या ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली, नारळ वाढविला. यजमानांनी किल्ली फिरविली, तो आतून नुसते ‘टक्’ एवढेच झाले! अखेर चार गडी लावून तो उतारावर ढकलावा लागला. घरातील आजींस हा अपशकुन वाटला. आम्हांस मात्र कारण समोरच दिसत होते. आषाढात चिखलणी आटोपल्यापासून ट्रॅक्टर पडवीत उभाच होता.

पेठ हा भात-नागलीचा, मुसळधार पावसाचा मुलूख. चिखलणी झाली की मळणीपर्यंत यंत्रास काम थोडेच. बॅटरी मात्र न वापरताही हळूहळू उतरत जाते. तशीच राहिली, तर शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात. मग चार्जिंगला टाकूनही पहिले बळ येत नाही. एरव्ही ३ ते ५ वर्षे टिकणारी बॅटरी अशाने दोन पावसाळ्यांतच निकामी होऊ शकते. त्यात शेतातील हादऱ्यांनी पट्ट्या खिळखिळ्या होतात, आणि जुन्या गाड्यांचा डायनॅमो मंद गतीत पुरेशी वीज देत नाही. प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसे व गंधकाम्लाची ही बॅटरी सिद्ध केली. तिचा हा स्वभाव तेव्हापासूनचाच.

यंत्र दीर्घकाळ उभे राहणार असेल, तर आधी ऋण टोकाची तार सोडावी. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.४ च्या खाली उतरताच ती चार्जिंगला द्यावी. दोन मिनिटे इंजिन चालवून बंद करण्याने भरपाई होत नाही. बुचे उघडणाऱ्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांस मारक. नवरात्रात अखंड दिव्याचे तेल पाहण्यास घरची मंडळी मध्यरात्री उठतात, पण बॅटरीचे पाणी वर्षात एकदाही कोणी पाहत नाही!

पूजेच्या वेळीही जपावे. हळद-कुंकू व नारळाचे पाणी बॅटरीच्या टोकांवर पडू देऊ नये. ओल्या मळातून वीज झिरपते, टोके गंजतात. नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन साचलेला असू शकतो आणि ठिणगीनेही त्याचा भडका उडतो. म्हणून निरांजन व उदबत्ती तिच्यापासून चांगली दूर ठेवावी.

निकामी बॅटरीतील तेजाब नाल्यात ओतू नये. त्यात विषारी शिसे असते. ती दुकानदारास परत द्यावी, नवीन घेताना काही मोबदलाही मिळतो.

त्या यजमानांनी पुढील वर्षी भाद्रपदातच बॅटरी काढून चार्जिंगला पाठविली. खंडेनवमीस ट्रॅक्टर पहिल्याच किल्लीस सुरू झाला, आणि आजींनी कुंकवाचे बोट बॉनेटला लावले, बॅटरीला नव्हे.