दुहेरी पदवी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतीय आणि परदेशी विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या पदवी अभ्यासक्रमांना विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मे २०२२ मधील नियमावली लागू होते. तिच्यात ट्विनिंग, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी असे तीन प्रकार आहेत. माहितीपत्रकांत या नावांची सरमिसळ होते आणि विद्यार्थी-पालकांच्या मनात चुकीच्या समजुती घर करतात. प्रवेशात पैसा आणि उमेदीची वर्षे गुंतत असल्याने त्या वेळीच दूर झालेल्या बऱ्या.

गैरसमज: तिन्ही प्रकार सारखेच.
वस्तुस्थिती: ट्विनिंगमध्ये विद्यार्थी थोडा अभ्यास परदेशात करतो, पण पदवी फक्त भारतीय संस्था देते. परदेशातील श्रेयांक ३० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत. संयुक्त पदवीत दोन्ही संस्थांची बोधचिन्हे असलेले एकच प्रमाणपत्र मिळते आणि प्रत्येक संस्थेत किमान ३० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. दुहेरी पदवीत दोन्ही संस्था आपापली पदवी स्वतंत्रपणे, पण एकाच वेळी देतात. मुंबईच्या आयआयटीने ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाबरोबर उभारलेल्या संशोधन अकादमीतील पीएच.डी. ही संयुक्त पदवी आहे. तिथे मार्गदर्शक दोन्ही संस्थांचे असतात.

गैरसमज: दुहेरी पदवी म्हणजे दोन वेगळ्या विषयांच्या पदव्या.
वस्तुस्थिती: या नियमावलीनुसार दोन्ही पदव्या एकाच विद्याशाखेतील आणि एकाच स्तराच्या असतात. बी.ए. करता करता बी.कॉम. करण्याची मुभा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दिली खरी, पण ती वेगळ्या मार्गदर्शक सूचनांनुसार. तिचा परदेशी भागीदाराशी संबंध नाही. बी.टेक. आणि एम.टेक. सलग पाच वर्षांत देणारा आयआयटीतील ‘ड्युअल डिग्री’ अभ्यासक्रमही निराळाच.

गैरसमज: एका संस्थेत शिकले तरी दोन पदव्या पदरात पडतात.
वस्तुस्थिती: दुहेरी पदवीसाठी किमान ३० टक्के श्रेयांक भारतीय संस्थेतून मिळवावे लागतात. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम १६० श्रेयांकांचा असेल, तर त्यांपैकी किमान ४८ श्रेयांक भारतातले हवेत. दोन वर्षांच्या ८० श्रेयांकांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात हाच आकडा २४ होतो. शिवाय एका ठिकाणी शिकलेला भाग दुसऱ्या ठिकाणी पुन्हा शिकून त्याचे श्रेयांक दोनदा मोजता येत नाहीत.

गैरसमज: इथे प्रवेश मिळाला की तिथला आपोआप होतो.
वस्तुस्थिती: दुहेरी पदवीसाठी दोन्ही संस्थांकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि दोन्हींच्या प्रवेश अटी पूर्ण कराव्या लागतात. परदेशी विद्यापीठाने इंग्रजीच्या परीक्षेत ठरावीक गुण मागितले असतील, तर तेही मिळवावे लागतात.

गैरसमज: कोणतेही महाविद्यालय असा करार करू शकते.
वस्तुस्थिती: भारतीय संस्थेला नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.०१ गुण असावेत, किंवा ती एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या १०० मध्ये असावी, किंवा तिला ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ हा दर्जा असावा. परदेशी संस्था टाइम्स हायर एज्युकेशन किंवा क्यूएस यांच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या १,००० मध्ये असावी लागते. फ्रँचायझी पद्धतीला परवानगी नाही. ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रम या नियमावलीच्या कक्षेत येत नाहीत. केवळ परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार झाल्याची जाहिरात म्हणूनच पुरेशी मानू नये.

गैरसमज: अशा पदवीला भारतात समकक्षतेचा दाखला काढावा लागतो.
वस्तुस्थिती: या नियमावलीनुसार मिळालेली पदवी भारतीय संस्थेच्या नेहमीच्या पदवीइतकीच ग्राह्य असते. वेगळी समकक्षता लागत नाही.

गैरसमज: परदेशी पदवी मिळाली की तिथे नोकरीची परवानगी मिळते.
वस्तुस्थिती: ती परवानगी त्या देशाचे व्हिसा नियम ठरवतात आणि त्यात प्रत्यक्ष तिथे किती काळ शिक्षण घेतले हे पाहिले जाते. ऑस्ट्रेलियात शिक्षणोत्तर व्हिसासाठी साधारणपणे किमान दोन शैक्षणिक वर्षांचा अभ्यास त्या देशात झालेला असावा लागतो. एखादेच सत्र तिथे घालवणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती परदेशी पदवी आली, तरी ही अट पूर्ण होत नाही. त्यामुळे कोणते सत्र कुठे शिकायचे आणि कोणत्या संस्थेला किती शुल्क द्यायचे, हे प्रवेशापूर्वी लेखी घ्यावे.