साठवता न येणारे औषध

धान्य कोठारात साठवता येते, पेट्रोल टाक्यांत भरून ठेवता येते, लससुद्धा शीतपेटीत काही महिने टिकते. टंचाईची चाहूल लागली की सरकारे साठे करतात, आणि हा उपाय बहुतेक वेळा लागूही पडतो. अणुवैद्यकात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पदार्थाला मात्र तो मुळीच लागू पडत नाही. हाडांत पसरलेला कर्करोग, हृदयाच्या स्नायूंना होणारा रक्तपुरवठा, मूत्रपिंडांचे काम हे सारे गॅमा कॅमेऱ्यावर दाखवणारे टेक्नेशियम-९९एम दर सहा तासांनी निम्मे होते. ते ज्याच्यापासून मिळते त्या मोलिब्डेनम-९९चे अर्धायुष्य ६६ तासांचे. म्हणजे माल वापरा किंवा कपाटात ठेवा, तासाला साधारण एक टक्का घट ठरलेलीच. जगभरात दरवर्षी तीन कोटींहून अधिक तपासण्या या एका समस्थानिकाच्या भरवशावर होतात. अणुवैद्यकातल्या निदानाचा सुमारे ८० टक्के भार त्याच्यावर आहे. अशा वस्तूबाबत ‘आपले आपण बनवू, कोणाच्या तोंडाकडे बघायला नको’ ही भावना स्वाभाविक आहे. पण ती अर्धीच बरोबर आहे. जे साठवता येत नाही त्याची हमी एकट्याच्या कारखान्यातून मिळत नाही; कुठे तरी राखून ठेवलेली जादा क्षमता आणि तिचे आगाऊ मोजलेले पैसे, यांतूनच ती मिळू शकते.

आधी या मालाचा प्रवास पाहू. युरेनियमच्या पातळ पट्ट्या संशोधन अणुभट्टीत साधारण आठवडाभर न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवतात. युरेनियमच्या विखंडनातून जे अनेक तुकडे उरतात त्यांत मोलिब्डेनम-९९ असते. पट्ट्या बाहेर काढल्या की जाड शिशाच्या आणि काँक्रीटच्या भिंतींआड त्या विरघळवून मोलिब्डेनम वेगळे करायचे, ते ॲल्युमिनाच्या स्तंभावर बसवून जनरेटर तयार करायचा आणि तो इस्पितळात पाठवायचा. तिथला तंत्रज्ञ रोज सकाळी स्तंभातून सलाइन सोडतो आणि रात्रभरात तयार झालेले टेक्नेशियम धुऊन घेतो. रोज धार काढावी तसा हा प्रकार असल्यामुळे या जनरेटरला जगभर ‘काउ’ म्हणतात. हे तंत्र १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी बसवले. त्याचे पेटंट घेतले गेले नाही, म्हणूनही ते इतक्या वेगाने पसरले. पट्ट्या एका देशात बनतात, दुसऱ्या देशातल्या भट्टीत भाजल्या जातात, तिसऱ्या देशात मोलिब्डेनम वेगळे होते आणि चौथ्या देशात जनरेटर भरला जातो. या धंद्यातले मोजमापही घटीचा हिशेब धरूनच ठरले आहे: प्रक्रिया संपल्यानंतर सहा दिवसांनी जेवढी किरणोत्सारिता उरेल तिची किंमत लावायची. सहा दिवसांत मूळ मालाचा जेमतेम २२ टक्के भाग शिल्लक राहतो. एखाद्या विमान कंपनीने किंवा वैमानिकाने किरणोत्सारी पेटी घ्यायला नकार दिला आणि ती दोन दिवस विमानतळावर पडून राहिली, तर ४० टक्के माल जागच्या जागी संपतो. नियमांप्रमाणे बांधलेल्या पेट्यांनाही असे नकार मिळतात. ही तक्रार इतकी जुनी आहे की आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला त्यासाठी खास समिती नेमावी लागली होती.

या साखळीची खरी परीक्षा २००७ ते २०१० या काळात झाली. तेव्हा जगाचा निम्म्याहून अधिक पुरवठा फक्त दोन म्हाताऱ्या भट्ट्यांतून होत असे: कॅनडात चॉक रिव्हर इथली १९५७ची एनआरयू आणि नेदरलँड्समध्ये पेट्टेन इथली १९६१ची एचएफआर. नोव्हेंबर २००७मध्ये एनआरयू नेहमीच्या देखभालीसाठी थांबली. शीतकरणाच्या पंपांना आपत्कालीन वीजजोडणी केलेली नाही, हे लक्षात आल्यावर ती पुन्हा सुरू करणे लांबले. इस्पितळांत हाहाकार उडाला आणि कॅनडाच्या संसदेने नियामकाचा आक्षेप बाजूला सारणारा कायदा काही दिवसांत करून भट्टी सुरू करवली. जानेवारी २००८मध्ये नियामक आयोगाच्या अध्यक्षा लिंडा कीन यांना पदावरून दूर करण्यात आले. औषधाची निकड आणि अणुसुरक्षा यांना एकमेकांसमोर उभे करण्याची वेळ येणे हीच मुळात व्यवस्थेची हार होती. पुढे मे २००९मध्ये एनआरयूच्या टाकीतून जड पाणी गळू लागले आणि भट्टी पंधरा महिने बंद पडली. ती बंद असतानाच फेब्रुवारी २०१०मध्ये पेट्टेनची भट्टीही दुरुस्तीसाठी सहा महिने थांबली. त्यातच एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमाने जमिनीवर आणली. डॉक्टरांनी तपासण्या पुढे ढकलल्या. हृदयाच्या काही तपासण्यांसाठी ते पुन्हा जुन्या थॅलियम-२०१कडे वळले, ज्यात रुग्णाला किरणांची मात्रा अधिक मिळते.

या संकटात कोणाच्याही राष्ट्रीय साठ्याचा उपयोग झाला नाही, कारण साठा नव्हताच. उपयोगी पडल्या त्या इतर देशांच्या भट्ट्या. पोलंडमधली मारिया ही भट्टी तोवर या व्यवसायात नव्हती. तिने काही महिन्यांत तयारी करून २०१०मध्ये पट्ट्या भाजायला सुरुवात केली. बेल्जियमच्या बीआर-२ने जादा फेऱ्या चालवल्या, दक्षिण आफ्रिकेच्या सफारी-१ने उत्पादन वाढवले. कोणाची भट्टी कधी बंद राहणार याची वेळापत्रके देशादेशांत जुळवली जाऊ लागली. आज युरोपातली उद्योगसंघटना हे काम नियमित करते. ऑक्टोबर २०२४मध्ये पेट्टेनची भट्टी देखभालीनंतर सुरू करताना एका पाइपाचा आकार बिघडल्याचे दिसले आणि पुन्हा तुटवडा आला. पण तो महिन्यांचा न होता आठवड्यांचा ठरला.

पहिला आक्षेप इथेच येतो: मग प्रत्येक मोठ्या देशाने स्वतःची भट्टी का बांधू नये? याचे उत्तर खुद्द कॅनडाने देऊन ठेवले आहे. जगाला समस्थानिके पुरवणारा हा देश स्वतःची भट्टी बिघडताच आपल्याच रुग्णांना पुरवठा करू शकला नाही. एनआरयूची जागा घेण्यासाठी खास समस्थानिकांकरता बांधलेल्या मेपल नावाच्या दोन भट्ट्या चाचण्यांत अपेक्षेप्रमाणे वागेनात, म्हणून मे २००८मध्ये तो प्रकल्पच सोडून द्यावा लागला. शिवाय संशोधन भट्टी वर्षभर सलग चालत नसते. इंधन बदलण्यासाठी आणि तपासणीसाठी ती ठरावीक काळाने थांबतेच, आणि थांबली की दोन-तीन अर्धायुष्यांत देशातले जनरेटर रिकामे होतात. पूर्ण स्वावलंबन हवे तर एकीला दुसरी, दुसरीला तिसरी अशा भट्ट्या हव्यात, आणि त्यांपैकी एखादी बहुतेक काळ नुसती बसून राहणार. एवढा खर्च एका देशाने करण्यापेक्षा सहा देशांनी मिळून केला तर तो परवडतो. हा साधा विम्याचा हिशेब आहे.

भारताचा अनुभव याला दुजोरा देतो. आयोडीन-१३१चे अर्धायुष्य आठ दिवसांचे. टेल्युरियम भट्टीत भाजून ते मिळते. ट्रॉम्बेत ते बनवणे आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये थायरॉइडच्या रुग्णांना देणे हे काम आपण १९६०च्या दशकापासून करत आलो आहोत. टेक्नेशियमची गोष्ट वेगळी. साध्या मोलिब्डेनमवर न्यूट्रॉन आदळून मोलिब्डेनम-९९ बनवता येते, युरेनियम लागत नाही. पण त्यात किरणोत्सारी अणू विरळ असतात, त्यामुळे सुटसुटीत स्तंभ भरता येत नाही. भारतात बराच काळ यातले टेक्नेशियम द्रावकाने वेगळे काढण्याची पद्धत वापरली गेली. ती चालायची, पण इस्पितळातल्या तंत्रज्ञाला रोज सकाळी छोटा रसायनउद्योग मांडावा लागे. वाशीच्या ब्रिटने, म्हणजे विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाने, नंतर स्तंभाचे जनरेटर दिले. त्यांसाठी विखंडनातले मोलिब्डेनम मात्र आयात करावे लागले. मार्च २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय उड्डाणे थांबली तेव्हा हे अवलंबन किती नाजूक आहे ते दिसले. विखंडनातले मोलिब्डेनम ट्रॉम्बेतच तयार करण्याचा प्रकल्प म्हणूनच योग्य आहे. तो पुरेसा आहे, असे मानणे चूक ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो भारतीयांनीच घ्यावा असा आहे. सहकार्य राजकारणाच्या एका झटक्यात तुटते. ट्रॉम्बेची सायरस भट्टी हे त्याचे ठसठशीत उदाहरण. चॉक रिव्हरच्याच एनआरएक्स भट्टीच्या धर्तीवर कॅनडाने ती दिली, जड पाणी अमेरिकेने पुरवले, १९६०मध्ये ती सुरू झाली आणि तिने देशाला कितीतरी वर्षे समस्थानिके दिली. तिच्याच प्लुटोनियमचा वापर १९७४च्या पोखरण चाचणीत झाला आणि कॅनडाने अणुक्षेत्रातले संबंध तोडले. यातून ‘परक्यांवर विसंबू नये’ हा धडा आपण घेतला, आणि पुढे १९८५मध्ये सुरू झालेली १०० मेगावॉटची ध्रुव आपली आपण बांधली. पण या इतिहासाचा दुसरा अर्थही आहे. तुटले ते औषधासाठी केलेले सहकार्य नव्हते. एकाच भट्टीत औषध आणि शस्त्र दोन्हींची सोय होती, म्हणून ते तुटले. औषधाची साखळी लष्करी कामापासून स्पष्ट वेगळी ठेवली की तीच साखळी पुष्कळ टिकाऊ होते.

याचा पुरावा युरेनियमच्या पट्ट्यांतच सापडतो. अनेक दशके त्या ९० टक्क्यांहून अधिक समृद्ध, म्हणजे बॉम्बच्या दर्जाच्या युरेनियमच्या होत्या. २० टक्क्यांखालच्या युरेनियमकडे वळलो तर उत्पादन घटेल, कचरा वाढेल, खर्च भडकेल, असे उत्पादक म्हणत. दक्षिण आफ्रिकेने २०१०च्या सुमारास आधी बदल करून दाखवला. ऑस्ट्रेलियाची ओपल भट्टी पहिल्यापासूनच कमी समृद्ध युरेनियमवर होती. अमेरिकेने २०१२च्या कायद्याने एकीकडे अतिसमृद्ध युरेनियमच्या निर्यातीला मुदत घातली आणि दुसरीकडे नव्या तंत्रांना पैसा दिला. बेल्जियम आणि नेदरलँड्समधले उत्पादकही यथावकाश बदलले. खर्च थोडा वाढला, पण औषध थांबले नाही. एकट्या देशाने हे केले असते तर स्वस्त प्रतिस्पर्ध्याने त्याला बाजारातून उठवले असते.

किमतीचा मुद्दा मात्र अजून सुटलेला नाही, आणि माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे. संशोधन भट्ट्या सरकारी पैशातून उभ्या राहिल्या; त्यात पट्ट्या भाजण्याचे शुल्क नाममात्र ठेवले गेले. मोलिब्डेनम स्वस्त झाले, त्यामुळे नवी भट्टी बांधायला कोणी पुढे येईना. या कोंडीवर उपाय शोधण्यासाठी ओईसीडीच्या अणुऊर्जा संस्थेने २००९मध्ये उच्चस्तरीय गट नेमला. त्याने दोन गोष्टी सांगितल्या: भट्टीने पूर्ण खर्च वसूल करावा, आणि आणीबाणीसाठी राखलेल्या क्षमतेचेही पैसे द्यावेत. यावर लगेच म्हटले जाते की बोजा शेवटी रुग्णावरच पडणार. पण त्या गटाच्या हिशेबानुसार तपासणीच्या एकूण खर्चात भट्टीचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. भट्टीचा दर दुपटीने वाढला तरी रुग्णाच्या बिलात तो जेमतेम दिसेल. अडचण आहे ती पैसे मधल्या पायऱ्यांवर न अडकता भट्टीपर्यंत पोहोचण्याची, आणि काही सरकारे सवलत देत असताना इतरांनी ती काढून घेण्याची. सगळे एकाच वेळी तसे वागले नाहीत तर प्रामाणिक वागणाऱ्याचाच तोटा होतो.

सायक्लोट्रॉन सगळ्यावर उपाय ठरेल, ही आशाही अधूनमधून व्यक्त होते. मोलिब्डेनम-१००वर प्रोटॉनांचा मारा करून थेट टेक्नेशियम बनवता येते आणि कॅनडात त्याला परवानगीही मिळाली आहे. पण सहा तासांचे अर्धायुष्य त्याला शहराच्या परिसरापलीकडे जाऊ देत नाही. शिवाय समृद्ध मोलिब्डेनम-१०० बनवणारे देश मोजकेच, म्हणजे पुन्हा आयात आली.

उपचारांच्या नव्या औषधांत हीच परावलंबनाची गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. ल्युटेशियम-१७७ हे प्रोस्टेटच्या आणि चेता-अंतःस्रावी (न्यूरोएंडोक्राइन) गाठींवर वापरले जाते. त्याचे अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून थोडे अधिक. ते दोन वाटांनी मिळते: समृद्ध ल्युटेशियम-१७६ भट्टीत ठेवून, किंवा समृद्ध यटर्बियम-१७६मधून. दुसरा मार्ग अधिक शुद्ध माल देतो. पहिल्यात १६० दिवसांच्या अर्धायुष्याचा थोडा अवांछित ल्युटेशियम-१७७एम राहतो, त्यामुळे सांडपाण्याचा विचार करावा लागतो. पण ल्युटेशियम-१७६ न्यूट्रॉन इतक्या सहज गिळते, की ध्रुवसारख्या भट्टीत पहिली वाट सोपी आणि स्वस्त पडते. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी ती वाट लवकर धरली आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या समन्वित संशोधनातही भाग घेतला. कच्चा माल असलेल्या समृद्ध समस्थानिकांच्या बाजारात मात्र रशियाचा वाटा फार मोठा आहे. ॲक्टिनियम-२२५ तर इतके दुर्मीळ, की २०२४मध्ये अमेरिकेत त्याच्या तुटवड्यामुळे एका मोठ्या औषधचाचणीत नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले.

मे २०२०मध्ये केंद्र सरकारने वैद्यकीय समस्थानिकांसाठी खाजगी भागीदारीतून संशोधन भट्टी उभारण्याची घोषणा केली. ध्रुव आंतरराष्ट्रीय निरीक्षणाच्या बाहेर आहे, त्यामुळे तिला परदेशी साखळीत जोडणे अवघड. नवी भट्टी मात्र पहिल्या दिवसापासून निव्वळ नागरी आणि निरीक्षणाखाली ठेवता येईल. मुंबईहून आखाती देश, कोलंबो, ढाका किंवा नैरोबी हा काही तासांचा प्रवास आहे. युरोपातून निघालेली पेटी तिथल्या रुग्णालयांपर्यंत पोहोचेपर्यंत जेवढा माल कमी होतो, त्यातला बराच वाचू शकतो. या नव्या भट्टीची बंद राहण्याची तारीख युरोपच्या वेळापत्रकाशी जुळवायची का, आणि क्षमतेचा किती भाग शेजाऱ्यांच्या आणीबाणीसाठी राखून त्याचे भाडे कोणाकडून घ्यायचे, हे दोन प्रश्न निविदेच्या कागदातच सुटायला हवेत. काँक्रीट ओतल्यावर ते बदलणे महाग पडते.