विष्णुपुरीच्या अलीकडची दारं

मन आणि घर : लेखांक ७

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं की विष्णुपुरी येते. गोदावरीवरचा प्रकल्प, श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सगळं याच पट्ट्यात. हजारो तरुण मुलं इथं शिकतात आणि मानसोपचाराची ओपीडीही इथंच आहे. तरीही एखादं पोरगं त्या ओपीडीच्या बाकावर येऊन बसतं, ते बहुधा सगळं करून थकल्यावर. आधी ॲसिडिटीच्या गोळ्या, मग ताकदीची सलाइन, मग कुणीतरी सुचवलेला गंडादोरा. ‘आता विष्णुपुरीला न्या’ हे सगळ्यात शेवटी सुचतं.

मागच्या लेखांकात आपण मुलांमधली धोक्याची लक्षणं पाहिली. ती दिसल्यावर जायचं कुठं, ते आज पाहू. राज्यात मदत आहे, पण ती एका पाटीखाली नाही. तिचे तुकडे आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, शालेय शिक्षण आणि महिला व बालविकास अशा वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत. ते जोडण्याचं काम आजही घरालाच करावं लागतं, म्हणून ही वाट घरच्यांना तोंडपाठ हवी.

समजा, मुखेड तालुक्यातला सतरा वर्षांचा एक मुलगा बारावी आणि नीटसाठी नांदेडला भाग्यनगर भागात कॉट बेसिसवर राहतो. तीन आठवडे झोप नाही. मेसचा डबा निम्मा परत जातो. टेस्टला दांडी. घरून फोन आला की ‘काही नाही, टेन्शन आहे’ एवढंच उत्तर. एखादा वाईट दिवस सगळ्यांचाच येतो. पण झोप, जेवण, अभ्यास आणि मित्र यांतलं बरंचसं दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेलं असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

पहिलं दार फोनचं. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा देशभर सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही तिची मुख्य संस्था. फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर तो मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जवळचं सरकारी केंद्र सांगतो. हा फोन मुलानंच करायला हवा असं नाही. मुखेडहून आईनं केला तरी ‘त्याच्याशी बोलू कसं’ याचं उत्तर मिळतं. अठरा वर्षांखालील मुलावर अत्याचार होत असेल, ते घरातून पळून आलेलं असेल किंवा निराधार असेल, तर १०९८ ही चाइल्डलाइन.

दुसरं दार बहुतेकांना माहीतच नसतं. जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. १० ते १९ वयोगटासाठीच्या त्याच्या केंद्रांना आपल्याकडे ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. तिथं समुपदेशकाशी एकांतात, मोफत बोलता येतं. या केंद्रांची ओळख पाळी आणि रक्तक्षय एवढ्यापुरतीच राहिली, पण मानसिक आरोग्य हाही या कार्यक्रमाचा ठरवून दिलेला भाग आहे. ‘पोराला भूक लागत नाही’ म्हणून ग्रामीण रुग्णालयात गेलात, तर तिथंच मैत्रीची चौकशी करा.

तिसरं दार जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं. देशात १९९६ पासून तो टप्प्याटप्प्यानं वाढत आला. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असं त्याचं पथक जिल्हा रुग्णालयातून काम करतं आणि ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयांतही बसतं. तो दिवस कोणता, हे आशाताईंकडून किंवा रुग्णालयात विचारून लिहून ठेवावं. दर महिन्याच्या गोळ्या तालुक्यालाच मिळाल्या तर नांदेडची खेप आणि एका दिवसाची मजुरी दोन्ही वाचतात. आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. विष्णुपुरीचं महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं, तिथले नियम वेगळे.

घरात एकट्या मुलाचंच मन खचलेलं असतं असंही नाही. बाप कर्जानं, आई जागरणानं पिचलेली असते. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांसाठी राज्यानं ‘प्रेरणा प्रकल्प’ आखला, त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन खचलेली माणसं हेरायची आणि १०४ क्रमांकावर समुपदेशन मिळायचं, अशी रचना केली. मुलासाठी केसपेपर काढायला आलेल्या बापालाही डॉक्टरांनी ‘तुम्हाला झोप लागते का?’ विचारायला हवं. नाही विचारलं, तर आपण होऊन सांगावं.

विष्णुपुरीचं दार त्यानंतरचं. मुलाला भास होत असतील, अकारण संशय येत असेल, गोळ्यांनी फरक पडत नसेल किंवा दाखल करायची वेळ आली असेल, तर वैद्यकीय महाविद्यालय. लातूरकडच्यांना विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था जवळची. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतलं एकही आलं नाही. त्यामुळे इथं सगळा भार या दोन महाविद्यालयांवर आणि अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणांवर पडतो. साधं दुखणंही थेट इथंच आणलं, तर ज्याला खरोखर दाखल करायचं आहे त्याचा नंबर मागे पडतो.

एका परिस्थितीत मात्र ही सगळी क्रमवारी बाजूला ठेवायची. मूल मरणाबद्दल बोलत असेल किंवा त्यानं स्वतःला इजा केली असेल, तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं कुलपात टाका. १०८ला फोन करून थेट अपघात विभाग गाठा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. पोलिसांच्या भीतीनं उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखं सरसकट कलमही उरलेलं नाही. रुग्णालयात नोंद होईल, पण ती गुन्हेगाराची नसेल.

दाखल करण्याची धास्तीही मोठी असते. त्याच कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येतं, तेही दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर. त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालकाला सोबत राहता येतं. याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाची पूर्वपरवानगी आणि पालकाची संमती नसेल तर त्याला शॉक देता येत नाही. दुसरीकडे, भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

मदतीच्या या दारांची साखळी तुटते ती क्लासच्या दारात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळला. म्हणजे शंभरांच्या बॅचमध्ये सातजण. २०२२ मध्ये राज्यात १,७६४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. त्या वर्षी हा आकडा देशात सर्वाधिक होता. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणसंस्था, क्लासेस आणि वसतिगृहांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या : शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथं किमान एक पात्र समुपदेशक, मार्कांवरून बॅच पाडायच्या नाहीत, मदतीचे क्रमांक ठळक लावायचे, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं.

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडला प्रवेश घेताना आपण फी, हप्ते आणि मागचा निकाल विचारतो. यापुढं आणखी तीन प्रश्न विचारा. समुपदेशक कोण, त्याची पात्रता काय आणि तो कोणत्या वेळी भेटतो? सलग दोन टेस्ट बुडाल्या तर घरी फोन कोण करणार? उपचारासाठी आठ दिवस घरी न्यावं लागलं, तर बुडालेला भाग कसा भरून काढणार? उत्तरं फीच्या पावतीसोबत लेखी घ्या. पालक विचारत नाहीत तोवर न्यायालयाच्या सूचना फाइलमध्येच राहतील, आणि मुखेडच्या त्या मुलाचा परत आलेला डबा मेसवाल्याशिवाय कुणाच्याही नजरेला पडणार नाही.

(पुढील लेखांकात : गोळ्या सुरू झाल्यावर. सवय लागते का, कधी थांबवायच्या आणि अर्ध्यावर सोडल्या तर काय होतं.)