हुकूम सोडणं म्हणजे लष्करी नेतृत्व नव्हे

ऑर्डर रद्द झाली, बँकेनं हात आखडता घेतला, मोठं गिऱ्हाईक तुटायला आलं, की काही मालकांच्या अंगात एकदम कर्नल संचारतो. 'युद्धपातळीवर कामाला लागा', 'वॉर रूम उघडा', 'प्रश्न नकोत, रिझल्ट दाखवा'. मॅनेजमेंटच्या शिबिरांतही हा लष्करी थाट झकास विकला जातो. त्यात सैन्य किती आणि हिंदी सिनेमा किती, हे मात्र सहसा कुणी तपासत नाही.

सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे सैन्यात वरून हुकूम येतो आणि खालचे तो निमूट पाळतात. परेडच्या मैदानावर तसंच असतं. रणांगणावर तसं चालत नाही, हा धडा प्रशियाला 1806 साली येनाच्या लढाईत मिळाला. कवायतीसाठी नावाजलेल्या त्यांच्या सैन्याचा नेपोलियननं धुव्वा उडवला. पुढच्या काही दशकांत तिथल्या सेनाधिकाऱ्यांनी वेगळी रीत बसवली. काय साधायचं आणि कशासाठी, एवढं वरिष्ठानं नेमकं सांगायचं; कसं, ते जागेवरच्या अधिकाऱ्यानं ठरवायचं. आज अनेक देशांच्या सैन्यांत हेच शिकवतात. कारण साधं आहे. वायरलेस बंद पडतो, आणि आघाडीवरची खबर हेडक्वार्टरला पोचेपर्यंत आघाडीच हललेली असते.

आपल्याकडचं उदाहरण 1971 च्या डिसेंबरमधल्या बांगलादेश युद्धाचं. लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांच्या चौथ्या कोअरकडे मेघना नदीच्या पूर्वेचा प्रदेश घेण्याचं काम होतं. आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्यानं माघार घेताना उडवला. समोर अफाट पात्र, पलीकडे ढाक्याची वाट. सगतसिंगांनी हेलिकॉप्टरमधून स्वतः नदीची पाहणी केली आणि 9 डिसेंबरपासून रशियन बनावटीच्या एमआय-4 हेलिकॉप्टरांनी फौज पलीकडे उतरवायला सुरुवात केली. रात्रीही फेऱ्या चालू राहिल्या, उतरायची जागा टॉर्चच्या उजेडानं दाखवली जात होती. 16 तारखेला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या.

पण हा नुसता धाडसीपणा नव्हता. हेलिकॉप्टरं आणि त्यांचे वैमानिक सगतसिंगांच्या हाताशी होते, आणि दोनच दिवस आधी सिल्हेटजवळ अशीच तुकडी उतरवून झाली होती. आणखी एक गोष्ट शिबिरांत सांगत नाहीत. नेमून दिलेल्या हद्दीपलीकडे जाणारा माणूस सैन्यालाही सहज पचत नाही. सगतसिंगांना पद्मभूषण मिळालं, पण ते आर्मी कमांडर झाले नाहीत. 'पुढाकार घ्या' म्हणणाऱ्या साहेबानं पुढाकार घेणाऱ्याचं पुढं काय होतं, तेही सांगावं.

हे भोसरीतल्या पंचवीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये कसं दिसेल? समजा शनिवारी दुपारी माल रिजेक्ट होऊन परत आला. एक मालक शॉप फ्लोअरवर उभा राहून ओरडतो, 'रात्रभर सगळे थांबा, सगळे पीस पुन्हा मशीनवर चढवा.' दुसरा सुपरवायझरला सांगतो, 'सोमवारी सकाळच्या शिफ्टला गिऱ्हाइकाची लाइन थांबता कामा नये. ओव्हरटाइमचे पैसे मी बघतो. डायमेन्शनमध्ये तडजोड नाही. बाकी तू ठरव.' मग सुपरवायझर आधी सगळे पीस गेजवर तपासून चांगले बाजूला काढतो, आणि पहिल्या खेपेपुरतेच दुरुस्तीला घेतो. लष्करी पद्धत ही दुसरी, आवाज चढला नसला तरी.

दुसरा समज म्हणजे दबावाखाली तडकाफडकी निर्णय घेतो तोच खरा सेनापती. जनरल माणेकशा सांगत, की एप्रिल 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानात लगेच घुसण्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी इंदिरा गांधींना साफ नकार दिला होता. पावसाळ्यात तिथल्या नद्या फुगतात, फौजा विखुरलेल्या आहेत, आणि हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बर्फानं बंद झाल्या की चीनची धास्ती कमी होईल, ही त्यांची कारणं. सरकारलाही तेव्हा लगेच युद्ध नको होतं, असं काही अभ्यासक म्हणतात, त्यामुळे या गोष्टीतलं नाट्य थोडं कमी करून घ्यावं. पण वस्तुस्थिती बदलत नाही. मधले महिने जुळवाजुळवीत गेले, आणि 3 डिसेंबरला सुरू झालेलं युद्ध तेरा दिवसांत संपलं. तो वेग त्या जुळवाजुळवीतून आला होता.

माघार म्हणजे नामुष्की, हे तर मराठी माणसाला सांगावंच लागत नाही, ते रक्तातच आहे म्हणतात. मग पुरंदरचा तह आठवावा. जून 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंगांपुढे शिवाजी महाराजांनी 23 किल्ले दिले आणि 12 राखले. फौज वाचली, माणसं वाचली. 1670 पासून सिंहगडासह एकेक किल्ला परत येऊ लागला. याउलट नेसरी. हाती आलेल्या आदिलशाही सरदार बहलोलखानाला सोडल्याबद्दल महाराजांनी सरनौबत प्रतापराव गुजरांची खरमरीत कानउघाडणी केली होती. तो बोल जिव्हारी लागला आणि फेब्रुवारी 1674 मध्ये मोजक्या स्वारांनिशी खानावर तुटून पडून प्रतापराव मारले गेले. त्या मरणापुढे मान झुकतेच. पण राज्याभिषेकाला जेमतेम चार महिने असताना स्वराज्याचा सरसेनापती गेला आणि हंबीरराव मोहित्यांना ती जागा घ्यावी लागली. वरून आलेला एक झोंबरा निरोप चांगल्या माणसाला कुठं नेतो, हे रात्री अकराला व्हॉट्सॲपवर मॅनेजरची हजेरी घेणाऱ्यांनी पाहावं. तोट्यातली शाखा वेळेत बंद करणाऱ्या मालकाला मात्र आपण अजून पळपुटाच म्हणतो.

शिस्त म्हणजे वरिष्ठाची चूक न काढणं, हेही खरं नाही. अमेरिकन सैन्यात सरावानंतर सगळे एकत्र बसतात. काय ठरलं होतं, काय घडलं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं, याची चर्चा होते, आणि तिथं अधिकाऱ्याच्या चुकाही त्याच्या तोंडावर सांगितल्या जातात. वैमानिकांच्या डिब्रीफिंगची रीतही अशीच.

राहिला उलट्या बाजूचा भ्रम, धंदा म्हणजे युद्धच. सैन्य शांततेच्या काळात सराव करतं आणि क्वचित लढतं. धंद्याला रोज लढावं लागतं आणि सरावाला सवड नसते, त्यामुळे सैन्याची शिकवण जशीच्या तशी उचलता येत नाही. जवानाला मोहिमेच्या मध्यावर राजीनामा टाकता येत नाही, तुमचा अकाउंटंट महिन्याच्या नोटिशीवर जातो. आणि ज्याला तुम्ही शत्रू म्हणता तो शेजारच्या गाळ्यातला स्पर्धक परवा तुमचं मशीन बंद पडल्यावर जॉब वर्क करून देणार असतो.