शर्टाच्या बटणाएवढा दहा

शर्टाचं एक बटण घ्या आणि क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्यांइतक्या अंतरावर नेऊन ठेवा. दिसतंय का? 50 मीटर रायफल नेमबाजीत ‘दहा’चं वर्तुळ साधारण एवढंच असतं, 10.4 मिलिमीटर व्यासाचं. ऑगस्ट 2010 मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने पालथं झोपून त्यावर साठ गोळ्या झाडल्या. 600 पैकी 597 गुण! विश्वविक्रमाची बरोबरी झाली, आणि नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला.

मला भुरळ पडते ती गावाची. कोल्हापूर म्हणजे तालमी, लाल माती, शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान आणि हलगीचा कडकडाट. अशा गावाने श्वाससुद्धा बेतानं घेण्याचा खेळ इतका आपलासा कसा केला? संस्थानाला शिकारीचा नाद होता हे खरं. पाळलेले चित्ते हरणांवर सोडले जात, त्यांना सांभाळणाऱ्या चित्तेवानांची घराणी इथे होती. दाजीपूरचं जंगल हे राजांचं शिकारीचं रान. 1958 मध्ये तेच अभयारण्य झालं. पण शिकारीचा वारसा कुणाला 597 गुण मिळवून देत नाही. त्याला शिकवणारा माणूस लागतो. तेजस्विनीला कोल्हापुरातच जयसिंग कुसाळे यांनी धडे दिले. 2006 च्या मेलबर्न कॉमनवेल्थमध्ये तिने सुवर्ण जिंकलं आणि त्या यशाने कोल्हापूरच्याच राही सरनोबतला पिस्तुलाकडे ओढलं. बारा वर्षांनी, 2018 च्या आशियाई स्पर्धेत, राही आणि थायलंडची प्रतिस्पर्धी 34-34 वर अडल्या. शूटऑफ झाला, तोही बरोबरीत सुटला. दुसऱ्या शूटऑफमध्ये राहीने सुवर्ण खेचून आणलं.

आता जरा रायफलीजवळ जाऊ. नेमबाजाच्या अंगात कॅनव्हास आणि चामड्याचं जाडजूड, ताठ जॅकेट असतं. डाव्या दंडाला आवळलेला पट्टा, म्हणजे स्लिंग, पुढे रायफलीला अडकवलेला असतो. स्नायूंनी बंदूक पेलायची नाही, हाडांनी पेलायची, कारण स्नायू थरथरतात. पण दंडातून धमनी जाते, आणि पट्टा नको तिथे बसला की नाडीचा प्रत्येक ठोका रायफलीपर्यंत पोचतो. समोरच्या साइटचं वर्तुळ काळजाच्या तालावर उसळताना नेमबाजाला डोळ्यांनी दिसतं. स्वतःचं हृदय असं समोर नाचताना बघायचं आणि तरीही घाई करायची नाही!

चुकीला जागा किती, तेही पाहा. मीटरभर लांबीच्या बंदुकीचं टोक 0.1 मिलिमीटरने, म्हणजे जेमतेम एका केसाच्या जाडीइतकं हललं, तर 50 मीटरवर गोळी पाच मिलिमीटर सरकते. मध्यबिंदूवरून थेट दहाच्या काठावर. पॉइंट टू-टूची गोळी ते अंतर साधारण 0.15 सेकंदात कापते, आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला अकराएक सेंटिमीटर खाली ओढतं. म्हणून नळी मुळात किंचित वर रोखलेली असते. वारा निराळाच. रेंजवर लावलेली छोटी निशाणं फडफडली की नेमबाज थांबतो, निशाणं पडू देतो, मग चापावरचं बोट हलतं.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 1 ऑगस्ट 2024 रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर ऑलिम्पिकची अंतिम फेरी खेळत होता. थ्री पोझिशन: आधी गुडघ्यावर, मग पालथं, शेवटी उभं राहून. गुडघ्यावरची फेरी संपली तेव्हा तो सहावा होता, पालथ्याची संपली तेव्हा पाचवा. उरलं होतं उभं राहून नेम धरणं, तिन्हींत सर्वांत अवघड. जमिनीचा आधार फक्त दोन तळव्यांना, आणि स्लिंग वापरायला बंदी. तिथे मागचे एकेक गळत गेले आणि मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला हा मुलगा 451.4 गुणांवर तिसरा आला. या प्रकारात भारताचं हे पहिलंच ऑलिम्पिक पदक.

महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिम्पिक पदक जिंकल्याला तेव्हा 72 वर्षं झाली होती. तेही कांस्यच होतं, 1952 चं, हेलसिंकीचं, कुस्तीतलं. जिंकणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते.