चिंचेने घासलेला राजा

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीला दाजींनी नांगरटीत सापडलेले तांब्याचे नाणे माझ्या तळहातावर ठेवले. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला नाणे कळणारच! मी चिंच लावून ते लख्ख घासले आणि हत्तीवरची अक्षरे कायमची घालवली. राजाचे नाव असते ते त्या अक्षरांतच. उरला पुसट हत्ती, मागे उज्जयिनी चिन्हाची वर्तुळे. सातवाहनांचे नाणे, एवढेच म्हणता येईल. त्यांचे पैठण इथून फार लांब नाही.

रोमन साम्राज्यातली पूर्वेकडची शहरेही अशी स्थानिक नाणी पाडत. पुढे बादशहाचा मुखवटा, मागे आपले दैवत, कडेने ग्रीक अक्षरांत गावाचे नाव. ती झिजली की गाव हरवले.

ती ग्रीक अक्षरे आपल्याकडेही आली. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. मुखवट्याभोवती ग्रीक लिपी, आणि बहुतेकांवर जेत्या गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा. चांदी वितळवण्यापेक्षा वर शिक्का मारणे स्वस्त. हा हिशेब मला पटतो.

पुरलेले धन दहा रुपयांहून मोलाचे असेल तर १८७८च्या कायद्याने कलेक्टरांना कळवावे लागते. मी दाजींना तसे सांगितले.

"कळवतो की," दाजी म्हणाले, "पण साहेब, राजा कोनता म्हनून लिहू?"